पहिल्या अटीनुसार

गोपाळ कृष्ण गोखले जन्माने कोतळूकचे. गुहागरजवळच्या त्या गावात ९ मे १८६६ रोजी ते जन्मले, म्हणून कोकण त्यांना आपले म्हणते. कर्तृत्व पुण्यात घडले, म्हणून पुणेही म्हणते. पण पाटीवर पहिली अक्षरे आणि पहिले आकडे त्यांनी गिरवले ते कागलात. वडील कृष्णराव कागल जहागिरीत कारकून होते, पुढे तिथेच फौजदार झाले. कोल्हापूरहून दक्षिणेला निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर कागल लागते. थोडे पुढे दूधगंगा, पलीकडे निपाणी आणि कानडी मुलूख. गैबी पिराचा दर्गा, घाटग्यांचा वाडा, भोवती काळे रान आणि उसाचे मळे, असे हे गाव. याच गावच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतराव नावाचा मुलगा जन्मला. दहा वर्षांनी तो कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. त्याच्या जन्माच्या वर्षी कारकुनाचा गोपाळ आठ वर्षांचा होता.

गोखल्यांच्या शाळकरी वयातली एक गोष्ट महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मास्तरांनी गणिताची काही उदाहरणे घरी सोडवायला दिली. दुसऱ्या दिवशी सगळी बरोबर आली ती एकट्या गोपाळची. मास्तरांनी शाबासकी दिली आणि त्याला वर्गात पहिल्या जागेवर बसायला सांगितले, तसा मुलगा रडायलाच लागला. एक उदाहरण त्याला स्वतःला सुटले नव्हते, दुसऱ्याची मदत घेऊन सोडवले होते, आणि त्याबद्दल मिळालेली शाबासकी त्याला सोसवेना.

ही गोष्ट प्रामाणिकपणाचा धडा म्हणून सांगतात. तिच्यात एक गणितही आहे, याकडे कुणाचे लक्ष जात नाही. अशा हुशार मुलाला अडले असेल ते काय? बेरीज-वजाबाकी अडलेली नसणार. ती तर तोंडपाठ. शाब्दिक उदाहरणात मुलगा अडतो तो आधीच्या पायरीवर. दोन-तीन वाक्ये समोर असतात, त्यांत माणसे असतात, माल असतो, पैसा असतो, आणि कुठेतरी एक न सांगितलेली संख्या दडलेली असते. त्या वाक्यांतून आकड्यांचे नाते बाहेर काढायचे, म्हणजेच मांडणी करायची. मांडणी झाली की पुढचे काम हाताचे असते. ही मांडणी शिकवता कशी येईल, या प्रश्नाला आपल्याकडे हजारभर वर्षांचा इतिहास आहे, आणि कागलच्या वाटेने तो दोनदा जातो.

कृष्णराव १८७९ मध्ये वारले. गोपाळ तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि कोल्हापुरात शिकत होता. थोरला भाऊ गोविंद शिक्षण सोडून कागलात नोकरीला लागला. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये तो धाकट्याला कोल्हापूरला पाठवी आणि उरलेल्या ७ रुपयांत कागलचे घर चाले. हे उदाहरण कोणत्याही पुस्तकात नाही, पण गोखल्यांनी जन्मभर केलेल्या हिशेबांची सुरुवात इथून धरावी लागते. ते १८८१ साली मॅट्रिक झाले, १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर शिक्षक म्हणून आले. टिळकही तिथे गणित शिकवत. गोखल्यांनी आपले सहकारी एन. जे. बापट यांच्या साहाय्याने अंकगणिताचे एक पाठ्यपुस्तक सिद्ध केले. मॅकमिलन कंपनीने ते छापले, अनेक भारतीय भाषांत ते गेले आणि गोखल्यांच्या नावानेच ओळखले जाऊ लागले. देशाच्या राजकारणात गोखले हे नाव पोचण्याच्या आधी कितीतरी घरांत ते गणिताच्या पुस्तकावरचे नाव म्हणून पोचले होते.

अशा पुस्तकाची गरज का पडली, हे कळायला त्याआधीची शाळा पाहावी लागते. पंतोजींच्या शाळेत गणित म्हणजे पाठांतर होते. संध्याकाळी परवचा म्हणायचा: उजळणी, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पया, मणाचे ४० शेर अशी मोजमापे असलेल्या बाजारात अपूर्णांकांचे पाढे येणारा मुलगा दुकानाच्या गादीवर लगेच उपयोगी पडे. या शिक्षणाला आज नावे ठेवण्याची पद्धत आहे, ती अन्यायाची आहे. सव्वासात शेरांचा भाव तोंडी सांगणारी माणसे त्या शाळेने तयार केली. मात्र त्यात एक उणीव होती. प्रत्येक तऱ्हेच्या उदाहरणाला वेगळी युक्ती होती, आणि युक्ती सांगणारा भेटला तरच ती कळे.

कागलच्या शिवारातलेच उदाहरण करून पाहावे. एका गुऱ्हाळावर ३० किलोचे मोठे आणि १० किलोचे लहान असे मिळून गुळाचे ४६ रवे निघाले. वजन भरले १,००० किलो. मोठे किती, लहान किती? जाणता गुळव्या सांगेल: सगळे लहानच समजा. ४६ लहान रव्यांचे ४६० किलो होतात. भरले १,०००, म्हणजे ५४० किलो जास्त. एका लहान रव्याच्या जागी मोठा आला की वजन २० किलोने वाढते. ५४० भागिले २०, २७ मोठे. उरलेले १९ लहान. कागद लागला नाही, अक्षर लागले नाही.

ही युक्ती फार जुनी आणि फार दूरवर पसरलेली आहे. चीनमधल्या ‘सुनझी’च्या प्राचीन गणितग्रंथात कोंबड्या आणि ससे एका पिंजऱ्यात आहेत; डोकी ३५, पाय ९४. तिथेही अशीच कल्पना लढवून १२ ससे आणि २३ कोंबड्या निघतात. युक्ती सुंदर आहे, पण ती हातात असलेल्या उदाहरणापुरतीच चालते. रव्यांचे आकार तीन झाले, किंवा वजनाऐवजी एका रव्याची किंमत दुसऱ्याच्या किमतीवर अवलंबून ठेवली, की गुळव्याला पुन्हा पहिल्यापासून डोके चालवावे लागते.

कोल्हापूरचा सगळा मुलूख राष्ट्रकूटांच्या राज्यात होता तेव्हा, नवव्या शतकात, अमोघवर्ष राजा गादीवर होता. आलेल्या संकटाच्या निवारणासाठी त्याने आपले बोट कापून महालक्ष्मीला वाहिले, असे संजाणच्या ताम्रपटात म्हटले आहे. ती महालक्ष्मी कोल्हापूरची, असे अनेक अभ्यासक मानतात. याच अमोघवर्षाच्या आश्रयाचा उल्लेख करून महावीराचार्य या दिगंबर जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला, इ. स. ८५० च्या सुमारास. त्यात महाळुंग आणि कवठ यांचे एक उदाहरण आहे. ९ महाळुंगे आणि ७ कवठे यांची मिळून किंमत १०७. ७ महाळुंगे आणि ९ कवठे यांची १०१. एकेका फळाची किंमत सांगा.

इथे दोन अज्ञात संख्या आहेत आणि दोनच अटी आहेत. आजचा दहावीचा मुलगा दोन्ही समीकरणांची बेरीज करील: १६ महाळुंगे आणि १६ कवठे यांचे २०८, म्हणजे एक जोडी १३ ला. मग वजाबाकी: दोन महाळुंगे दोन कवठांपेक्षा ६ ने महाग, म्हणजे एक ३ ने. महाळुंग ८, कवठ ५. महावीराचार्यांनी यासाठी सरळ नियमच दिला. मोठ्या संख्येने मोठी किंमत गुणा, लहानीने लहान गुणा, वजाबाकी करा आणि दोन संख्यांच्या वर्गांच्या फरकाने भागा. ९६३ मधून ७०७ गेले, २५६ उरले, ८१ मधून ४९ गेले, ३२ उरले, भागाकार ८. नियम अचूक आहे. फळांची संख्या अशी उलटसुलट असेल तेव्हाच तो लागू पडतो, ही त्याची मर्यादा. या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर रंगाचार्यांनी १९१२ मध्ये मद्रासला प्रसिद्ध केले आणि हिंदी भाषांतर १९६३ मध्ये आपल्या सोलापुरातून, जैन संस्कृती संरक्षक संघाकडून निघाले.

मांडणीला स्वतःची भाषा मिळाली ती बीजगणितात. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच अज्ञात संख्यांना वर्णांची नावे दिली होती. त्या भाषेचे सगळ्यांत देखणे रूप मात्र भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात दिसते. भास्कराचार्य सह्याद्रीच्या कुशीतल्या विज्जडवीडचे. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ ज्यात येतात तो त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० सालचा. माहीत नसलेली पहिली संख्या म्हणजे ‘यावत्तावत्’, जितके तितके. दुसरी ‘कालक’, तिसरी ‘नीलक’, पुढे ‘पीतक’, ‘लोहितक’: काळा, निळा, पिवळा, तांबडा. संस्कृतात वर्ण म्हणजे रंग आणि वर्ण म्हणजे अक्षरही, त्यामुळे रंगाचे पहिले अक्षर घेतले की चिन्ह तयार. या, का, नी, पी, लो. माहीत असलेल्या सुट्या संख्येपुढे ‘रू’, म्हणजे रूप. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. समीकरणाच्या दोन बाजूंना ‘पक्ष’ म्हणायचे आणि ते एकाखाली एक लिहायचे, म्हणजे सारखे सारख्याच्या खाली येते आणि शोधन, म्हणजे सारख्यातून सारखे वजा करणे, सोपे होते. फ्रान्समध्ये व्हिएतने राशींना अक्षरे दिली ती १५९१ मध्ये, आणि देकार्तची आज जगभर चालणारी अक्षरे १६३७ मधली.

त्यांची उदाहरणे बाजारातली आणि वाड्यावरची. एकाकडे ६ घोडे आणि रोख ३००. दुसऱ्याकडे १० घोडे आणि डोक्यावर १०० चे कर्ज. दोघे सारखेच धनवान. घोड्याची किंमत काय? ‘या’ ६, रू ३००. खाली ‘या’ १०, रू १०० आणि त्यावर टिंब. चार घोडे ४०० चे, म्हणजे एक घोडा १०० चा. कर्ज हे ऋण संख्येने दाखवता येते, ही गोष्ट मुलाला इथे बोलता बोलता कळून जाते.

यापेक्षा खोल उदाहरण दोन मित्रांचे आहे. पहिला म्हणतो: तू मला १०० दिलेस तर माझ्याकडे तुझ्या दुप्पट होतील. दुसरा म्हणतो: तूच मला १० दे, मग माझ्याकडे तुझ्या सहापट होतील. प्रत्येकाकडे किती? दोन अज्ञाते घेऊन हे सोडवता येतेच. भास्कराचार्य एकाच अज्ञातावर काम भागवतात, आणि ते ज्या तऱ्हेने भागवतात त्यावर शिक्षकांनी एक तास खर्च करावा. देवघेव झाल्यानंतरचे चित्र ते आधी डोळ्यांसमोर आणतात. १०० दिल्यावर दुसऱ्याकडे ‘या’ उरले असे धरले, तर पहिल्याकडे २ ‘या’ असणारच. मग देण्याआधी पहिल्याकडे २ ‘या’ उणे १०० होते आणि दुसऱ्याकडे ‘या’ अधिक १००. पहिली अट अशी धरण्यातच पुरी झाली. आता दुसरीकडे वळायचे. पहिल्याने १० दिले की त्याच्याकडे २ ‘या’ उणे ११० राहतात, दुसऱ्याकडे ‘या’ अधिक ११० होतात, आणि हे त्याच्या सहापट. ११ ‘या’ बरोबर ७७०, ‘या’ बरोबर ७०. पहिल्याकडे ४०, दुसऱ्याकडे १७०. काय मानायचे हे ठरवण्यातच निम्मे उत्तर असते, हे या एका उदाहरणाने जितके कळते तितके दहा नियमांनी कळणार नाही.

चार व्यापाऱ्यांचेही एक उदाहरण त्यांनी दिले आहे. चौघांचे घोडे अनुक्रमे ५, ३, ६, ८. उंट २, ७, ४, १. खेचरे ८, २, १, ३. बैल ७, १, २, १. चौघांची संपत्ती समान. अज्ञाते चार आणि समीकरणे तीनच, त्यामुळे एकच एक उत्तर नाही. कुट्टकाच्या रीतीने पूर्णांकी उत्तरे काढायची. घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१, बैल ४, असे सगळ्यांत लहान उत्तर येते आणि प्रत्येकाची संपत्ती ८५३ भरते. वाचकाने पडताळा घेऊन पाहावा, मौज वाटते.

बीज म्हणजे बुद्धीच, वर्ण हे तिचे मदतनीस, आणि मंद गतीने समजणाऱ्यांनाही कळावे म्हणून पूर्वसूरींनी त्याचा विस्तार केला, अशा आशयाचे भास्कराचार्यांचे म्हणणे आहे. हुशाराला युक्ती सुचते. ज्याला ती सुचत नाही, त्याच्यासाठी अक्षरे आहेत. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वीच्या पंडिताने मंद विद्यार्थ्याचा असा विचार करावा, याचे मोल मोठे आहे.

हे शिक्षण चालू राहावे म्हणून माणसांनी पैसाही बाजूला काढला. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. १२०७ च्या सुमाराचा तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. मठाला बाजारातून काय काय मिळावे हे सांगायची वेळ आली, तेव्हा मात्र लेख जुन्या मराठीत शिरतो. गावातल्या तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेलाची तरतूद त्यात आहे. बीजगणिताच्या अभ्यासाचा दिवा तेल्यांच्या तेलावर जळत होता. पुढे गोदातीरीच्या पार्थपूरच्या, म्हणजे पाथरीच्या, सूर्यदासाने १५३८ मध्ये ‘बीजगणिता’वर टीका लिहिली. कोलब्रुक या इंग्रज पंडिताने १८१७ मध्ये भास्कराचार्यांचे ग्रंथ इंग्रजीत नेले, तेव्हा ही टीका त्याच्यासमोर होती.

परंपरा शास्त्रीमंडळींत टिकली, पण घरोघर गेली नाही. कागलच्या पंतोजींकडे दिडकी होती, यावत्तावत् नव्हते. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज जर्व्हिस या इंग्रज अभियंत्याने मुंबईत मराठीतून गणिताची पुस्तके तयार करवली. मूळचे मराठी असलेले बापूदेव शास्त्री काशीच्या संस्कृत कॉलेजात शिकवू लागले आणि त्यांनी हिंदीत बीजगणित लिहिले. इंग्रजी शाळांतून अंकगणित आणि बीजगणित हे दोन वेगळे विषय झाले. मराठी वर्गात ‘यावत्तावत्’ची जागा ‘क्ष’ने घेतली. ‘समजा, क्ष मानू’ हे शब्द त्या वर्गांत रुळले आणि वर्गाबाहेरही गेले: अनोळखी माणूस ‘क्ष’ झाला, न ओळखलेले किरण ‘क्ष-किरण’ झाले.

गोखल्यांचे पुस्तक अंकगणिताचे, म्हणजे ‘क्ष’ हाती येण्याआधीच्या मुलांसाठी होते. नुसते पाठांतर आणि बीजगणित यांच्या मधल्या पायरीवर ते उभे होते. पाढा पाठ असलेल्या मुलाला वाक्य वाचून त्याचा हिशेब मांडायला लावणे, हे अशा पुस्तकाचे काम. एका काळात एकाच पुस्तकावरून वेगवेगळ्या भाषांतली मुले हे शिकत होती.

आणि पुस्तकाचा कर्ता स्वतः त्यापुढे गेला. २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात पहिले अर्थसंकल्पीय भाषण केले. सरकारच्या तिजोरीत दरवर्षी शिल्लक पडत होती आणि सरकार ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून दाखवत होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांच्या पाठोपाठचा तो काळ. बीजगणिताच्या भाषेत सांगायचे तर सरकार एकच समीकरण पुढे करत होते: शिल्लक आहे, म्हणून सुबत्ता आहे. पण शिल्लक ही एक संख्या आणि ती घडवणारी कारणे अनेक. एका समीकरणातून दोन अज्ञाते निघत नाहीत. गोखल्यांनी दुसरी अट समोर आणली, ती रुपयाच्या भावाची. १८९४-९५ मध्ये रुपया सुमारे १३ पेन्सांवर उतरला होता. पुढे सरकारने तो १६ पेन्सांवर आणून स्थिर केला. विलायतेला द्यायचा खर्च पौंडांत असे. पौंडाचे पेन्स २४०. रुपया १३ पेन्सांचा असताना एका पौंडाला जवळपास साडेअठरा रुपये लागत. १६ चा झाल्यावर १५ पुरले. दर १ कोटी पौंडांमागे सुमारे साडेतीन कोटी रुपये आपोआप वाचले. आणि पूर्वी तूट भरून काढण्यासाठी वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. मिठावरचा कर १८८८ पासून मणामागे अडीच रुपये होता. शिल्लक यातून आली होती. शेतकऱ्याच्या घरी सुबत्ता आली, हे त्या आकड्यांतून सिद्ध होत नव्हते.

हे भाषण ज्या बैठकीत झाले, त्या बैठकीला इतका नेमका हिशेब ऐकायची सवय नव्हती. पुढच्याच वर्षी मिठाचा कर २ रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर, १९०७ मध्ये १ रुपयावर. याचे सारे श्रेय एका माणसाला देता येणार नाही. पण आकडे वाक्यांतून सोडवून घ्यायची कागलात सुरू झालेली सवय त्या सभागृहात कामी आली, हे निःसंशय.

त्यांचा मोठा पराभव झाला तो शिक्षणाच्या हिशेबात. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांची मुले, सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थेने ठरवायचे, खर्चाचा दोन-तृतीयांश वाटा सरकारने उचलायचा आणि एक-तृतीयांश स्थानिक संस्थेने. इतके माफक, इतके मोजून-मापून केलेले ते विधेयक होते. १९ मार्च १९१२ रोजी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१८ मध्ये करवीर पेट्यातल्या चिखलीपासून अंमल सुरू झाला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. गोविंदरावांचा कागलातला पगार १५ रुपये होता हे आठवले, की या एका रुपयाचे वजन कळते. कागलच्या घाटगे घराण्यातून आलेल्या राजाने आपल्या संस्थानापुरते ते करून दाखवले, जे कागलात शिकलेल्या पुढाऱ्याला साऱ्या देशासाठी करू दिले गेले नाही. दोघांची नावे एका ओळीत फारशी घेतली जात नाहीत, कारण दोघांच्या राजकारणाच्या वाटा निराळ्या होत्या. गावाने तरी ती एकत्र घ्यायला हरकत नाही.

कायदा झाला म्हणून शाळेची वाट लगेच मोकळी झाली असे नव्हे. १९३५ मध्ये कागलातच जन्मलेल्या आनंद यादवांनी ‘झोंबी’त जी झटापट लिहिली, ती शेतकऱ्याच्या पोराने शाळेत जाण्यासाठी घरच्या दारिद्र्याशी केलेली झटापट आहे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली, आणि दिडकी-अडीचकीचा परवचा थंडावला. आणे-पै गेले तसा पुस्तकांतला सगळा बाजार बदलला. महाळुंगे-कवठे आणि घोडे-उंट यांच्या जागी वह्या-पेने, बसची तिकिटे आणि सफरचंदे आली. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली. आज दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागातले पहिलेच प्रकरण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे आहे. आलेख आहेत, निश्चयक आहेत, क्रेमरची रीत आहे, आणि या सगळ्यांच्या पुढे शाब्दिक उदाहरणे आहेत. मुले निश्चयक चटकन सोडवतात. अडतात तिथेच, जिथे गोपाळ अडला असावा.

ही अडचण जगभरची आहे. अमेरिकेत जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या आसपास अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना एकच वाक्य समीकरणात लिहायला सांगितले: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. १५० पैकी ३७ टक्के मुले चुकली, आणि बहुतेकांनी उलटेच लिहिले, विद्यार्थ्यांच्या सहापट प्राध्यापक. इंग्रजी वाक्यात ‘सहापट’ हा शब्द ‘विद्यार्थी’ या शब्दाला चिकटून आधी येतो. मुलांचा हात वाक्याच्या क्रमाने चालला. मराठीची ठेवण इथे मदतीला येते. ‘प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी’ म्हणताना ‘च्या’ हा प्रत्ययच सांगतो की सहाने कुणाला गुणायचे. वाक्य आहे त्याच क्रमाने लिहीत गेले तरी समीकरण बरोबर येते. मातृभाषेतून गणित शिकण्याचा हा एक लहान पण खरा लाभ आहे, आणि तो वर्गात बोलून दाखवायला हवा.

मराठी अडवते ती दुसरीकडे. दोन अंकी संख्येत एककाचा अंक आपण आधी बोलतो आणि नंतर लिहितो: पंचवीस म्हणताना पाच आधी, वीस मागून. म्हणून अंकांच्या अदलाबदलीचे उदाहरण आले की मुले गोंधळतात. दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे. मूळ संख्या कोणती? फळ्याजवळ उभी असलेली मुलगी आधी नुसती दोन अक्षरे शेजारी शेजारी लिहिते. बाई थांबवतात, दशक म्हणजे दहा पट, एवढेच आठवण करून देतात आणि बाजूला होतात. मग ती लिहू लागते. समजा, दशकस्थानचा अंक क्ष आणि एककस्थानचा य. पहिल्या अटीनुसार क्ष अधिक य बरोबर ९. दुसऱ्या अटीनुसार १० य अधिक क्ष, बरोबर १० क्ष अधिक य अधिक २७. दोन्ही बाजूंचे सारखे वजा करून ९ ने भागले की य उणे क्ष बरोबर ३. बेरीज ९, वजाबाकी ३: भास्कराचार्य लीलावतीत याला संक्रमण म्हणतात. य ६, क्ष ३. संख्या ३६.

एकमेकांकडे पाठ फिरवून उभे असलेले आकडे, म्हणून ज्यांचे पटत नाही त्यांच्यात आपण छत्तीसचा आकडा आहे म्हणतो. मुलगी खाली ‘पडताळा’ असा शब्द लिहिते, त्याला अधोरेखा देते आणि अंक उलटे करते. तीन आणि सहा समोरासमोर येतात: ६३. त्रेसष्टातून छत्तीस गेले, सत्तावीस.